पेटते, पण टिकत नाही: नोव्हायमधल्या एका फर्नेसचं प्रकरण

सकाळी सातला मित्राचा फोन आला. "अरे, फर्नेस पेटते रे, पण टिकत नाही. आईला रात्री दोन-दोन रजया दिल्या. जरा येतोस का?"

त्याचं घर नोव्हायला, डेट्रॉईटच्या वायव्येला. २०२३ च्या ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. बाहेर ३८ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३ सेल्सिअसच्या आसपास, आणि घरातला थर्मोस्टॅट ६१ दाखवत होता, म्हणजे १६. मिशिगनमध्ये राहणाऱ्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण सोलापूरहून दोन महिन्यांपूर्वी आलेल्या काकू कानाला मफलर गुंडाळून स्वयंपाकघरात बसल्या होत्या, आणि वहिनींनी ऊब यावी म्हणून शेगडीचे चारही बर्नर पेटवून ठेवले होते. मी आधी ते बंद करायला लावले. बंद खिडक्यांच्या घरात शेगडीवर खोली तापवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साईडला बोलावणं. त्याला ना वास, ना रंग. खोलीतला अलार्म चालतोय का ते बटण दाबून पाहिलं, आणि मगच खाली बेसमेंटमध्ये गेलो.

ज्यांनी फर्नेस पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही पत्र्याची उभी पेटी असते. आत गॅस जळतो, त्या उष्णतेने धातूच्या नळ्या तापतात, आणि मोठा पंखा म्हणजे ब्लोअर त्या नळ्यांवरून घरातली हवा फिरवतो. जळलेला धूर वेगळ्या नळीने घराबाहेर जातो. उन्हाळ्यात एसीची थंड हवासुद्धा हाच ब्लोअर फिरवतो, आणि हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला. गॅस पाइपलाइनने येतो, पण पंखे आणि सगळं नियंत्रण १२० व्होल्टच्या विजेवर चालतं. त्यामुळे वीज गेली की गॅस असूनही घर गार पडतं.

मित्राने माझ्या आधीच बरंच काही करून ठेवलं होतं. हंगामात पहिल्यांदा फर्नेस लावली की ज्योत विझायची तक्रार नेहमीची असते, आणि दहातल्या बऱ्याच वेळा ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरच्या कांडीवर बसलेली पुटं हेच कारण असतं. हे त्याने वाचलं होतं आणि ते खरंही आहे. त्याने कांडी काढून बारीक स्टील वूलने घासली. फरक पडला नाही. मग दुकानातून नवीन सेन्सर आणून बसवला. तरी तेच. आता तो कंट्रोल बोर्ड, म्हणजे फर्नेसचं सगळं नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, मागवायच्या बेतात होता. स्क्रीनवर बोर्ड निवडलेला होता, फक्त पैसे भरायचे बाकी होते.

मी म्हटलं, "थांब. आधी एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू दे."

फर्नेससमोर स्टूल टाकून बसलो आणि त्याला वर थर्मोस्टॅट वाढवायला सांगितलं. आधी धूर बाहेर ढकलणारा छोटा पंखा, म्हणजे इनड्यूसर, घुमायला लागला. मग तो पंखा धूर खेचतोय हे ओळखणाऱ्या प्रेशर स्विचची बारीक टिक्. बर्नरजवळच्या झरोक्यात इग्नायटर, म्हणजे तापून गॅस पेटवणारा भाग, आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरा झाला. याला वीस-बावीस सेकंद गेले. गॅस व्हॉल्व्हचा खट् आवाज आला आणि बर्नर एकामागून एक धरत गेले, डावीकडून उजवीकडे. निळी, ताठ, न थरथरणारी ज्योत. पाहून समाधान वाटावं अशी. मी मोजत होतो: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. खट्. अंधार. इनड्यूसर मात्र घुमतच राहिला.

थोड्या वेळाने तिने आपणहून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेनंतर बोर्डने माघार घेतली आणि त्यावरचा छोटा दिवा लुकलुकायला लागला. दाराच्या आतल्या बाजूच्या तक्त्यात त्या लुकलुकीचा अर्थ लिहिला होता: ज्योत आढळली नाही. काही बोर्डांमध्ये वायरी उलट्या असतील तर त्याचा वेगळा कोड असतो. या तक्त्यात तो नव्हता. असता तर हे प्रकरण पाच मिनिटांत संपलं असतं.

म्हणजे ज्योत डोळ्यांना दिसतेय आणि बोर्डाला दिसत नाहीये. सेन्सर नवा आहे. मग बोर्डच गेला, हा मित्राचा तर्क वरवर बरोबर होता. मी मल्टिमीटर मायक्रोअँपवर लावून सेन्सरच्या वायरीत मध्ये जोडला आणि पुन्हा पेटवून पाहिलं. बर्नर पूर्ण पेटलेले असताना मीटरवर ०.०. कमजोर ज्योत असती तर अर्धा-पाऊण मायक्रोअँप तरी दिसला असता. सपशेल शून्य हे पुटं साचल्याचं लक्षण नव्हे. कुठेतरी वाटच तुटलेली असली की असं शून्य येतं.

मी विचारलं, "शेवटचा हात कुठे लावला होतास? उन्हाळ्यात, वसंतात, कधीही."

"काहीच नाही रे. एसी तर सप्टेंबरभर मस्त चालला."

आणि तेव्हा माझं लक्ष फर्नेसच्या बाजूला गेलं. भिंतीवरच्या स्विचमधून जी पक्की केबल फर्नेसमध्ये जायला हवी होती, ती एका नव्याकोऱ्या सॉकेटमध्ये संपत होती. त्या सॉकेटमध्ये पिन खोचलेली होती, आणि पिवळी जाड वायर पुढे फर्नेसच्या जोडपेटीत गेली होती.

"हे काय?"

"ते होय? ते जनरेटरसाठी. ऑगस्टच्या शेवटी केलं. पण ते नीट झालंय, व्होल्टेज बघितलं होतं मी."

फेब्रुवारी २०२३ मध्ये आग्नेय मिशिगनला बर्फाचं वादळ झालं होतं. पावसाचे थेंब झाडांवर आणि तारांवर पडताच गोठत गेले, फांद्या मोडून तारांवर आल्या, आणि लाखो घरांची वीज गेली. काही भागांत ती कित्येक दिवस आली नाही. मित्राचं घर तीन रात्री गार होतं. त्यानंतर त्याने छोटा जनरेटर घेतला. वीज गेली तर फर्नेसची पिन भिंतीतून काढायची आणि बाहेरून आणलेल्या वायरीत खोचायची, असा साधा बेत. आई हिवाळ्यात इथे असणार होती, म्हणून हा सगळा खटाटोप. त्यामागची काळजी मला पूर्ण समजते.

काम त्याने असं केलं होतं. बाजारातली तयार पिवळी एक्स्टेंशन वायर घेतली, तिचं सॉकेटचं टोक कापलं आणि ते टोक फर्नेसच्या जोडपेटीत जोडलं. तिथे काळीला काळी, पांढरीला पांढरी, हिरवीला हिरवी. रंगाला रंग, चुकायला जागाच नाही. भिंतीकडून येणाऱ्या केबलला मात्र नवीन सॉकेट बसवायचं होतं. सॉकेटला एका बाजूला पितळी स्क्रू, दुसऱ्या बाजूला चंदेरी आणि खाली हिरवा. चंदेरी स्क्रू न्यूट्रलचा, हे त्याने पाहून घेतलं होतं, आणि ते बरोबर आहे. मग त्याने न्यूट्रल म्हणून हातात घेतली ती काळी वायर.

हे त्याच्या तोंडून ऐकताना मला सांगलीतलं आमचं जुनं घर आठवलं. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. पंख्याचा रेग्युलेटर बदलायला शिकलो तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. आपल्याकडे वायरमनच्या हाताखाली कधी काळी उभं राहिलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, काळी म्हणजे न्यूट्रल हेच उत्तर येईल. अमेरिकेत काळी म्हणजे फेज. न्यूट्रल पांढरी. अर्थ हिरवी किंवा उघडी तांब्याची तार. मित्राला दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या, एक इथली आणि एक तिथली, आणि दोन्ही आपापल्या जागी खऱ्या होत्या. त्याने त्या एकाच सॉकेटवर एकत्र आणल्या.

मी पिशवीतला तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर काढून खोचला. फेज-न्यूट्रल उलटे, असा त्याने निकाल दिला. खात्रीसाठी मीटरनेही पाहिलं. सॉकेटच्या दोन फटींमध्ये १२१ व्होल्ट. मित्राने तेवढंच पाहिलं होतं, आणि तो आकडा वायरी उलट्या असल्या तरी तोच येतो. रुंद फट ते अर्थ: १२१. अरुंद फट ते अर्थ: ०. हे नेमकं उलट असायला हवं. रुंद फट न्यूट्रलची.

आता प्रश्न असा की मग महिना-दीड महिना एसी कसा चालला, आणि आत्तासुद्धा इनड्यूसर, इग्नायटर, व्हॉल्व्ह हे सगळं कसं चाललं? कारण ही वीज आल्टरनेटिंग करंट, म्हणजे उलटसुलट वाहणारी. मोटरला, तापणाऱ्या इग्नायटरला, २४ व्होल्ट देणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला दोन टोकांमध्ये १२० व्होल्ट मिळाले की पुरतं. कुठलं टोक फेजचं याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नाही. अख्ख्या फर्नेसमध्ये या गोष्टीची पर्वा असणारी एकच चीज आहे: ज्योत ओळखणारी ती कांडी.

तिचं काम समजून घेण्यासारखं आहे. बोर्ड त्या कांडीवर फेजकडून आलेला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ठेवतो. कांडी चिनी मातीच्या दांड्यात बसवलेली असल्यामुळे एरवी ती कशालाच टेकत नाही. ज्योत पेटली की ज्योतीतल्या भारित कणांमुळे ती ज्योतच एक वाहक बनते, आणि कांडीतून ज्योतीमार्गे बर्नरच्या धातूत किंचित प्रवाह जातो. कांडी लहान आणि बर्नरचा पत्रा मोठा, म्हणून प्रवाह एका दिशेने सहज जातो, उलट दिशेने जवळजवळ नाही. म्हणजे कांडीवर उलटसुलट दाब असूनही पलीकडे एकाच दिशेचा अगदी बारीक प्रवाह मिळतो, साधारण १ ते ६ मायक्रोअँप. बोर्ड तेवढ्यावर ज्योत आहे असं मानतो. हा प्रवाह बर्नरमधून फर्नेसच्या पत्र्यात, पत्र्यातून अर्थच्या तारेत, तारेतून घराच्या मुख्य पॅनलपर्यंत जातो. तिथे अर्थ आणि न्यूट्रल एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून तो न्यूट्रलमार्गे बोर्डाकडे परततो.

वायरी उलट झाल्या की बोर्डाला जिथे फेज वाटतो तिथे न्यूट्रल असतो. न्यूट्रल आणि फर्नेसचा पत्रा तर पॅनलमध्ये एकत्रच आहेत. म्हणजे कांडी आणि बर्नर एकाच पातळीवर आले, मध्ये दाबच उरला नाही. ज्योत कितीही सुंदर असो, तिच्यातून वाहणार काय? म्हणून शून्य. म्हणून सहा सेकंदांनी व्हॉल्व्ह बंद, आणि बोर्डाच्या बाजूने पाहिलं तर ते अगदी योग्य होतं. ज्योत आहे याचा पुरावा नसताना गॅस सोडत राहणं हे त्याने कधीही करू नये.

मला अधिक धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. फर्नेसच्या खालच्या दाराला एक छोटा स्विच असतो. दार काढलं की तो आतला पुरवठा तोडतो. हा स्विच फेजच्या वायरीत असतो. इथे त्या वायरीत न्यूट्रल आला होता. म्हणजे दार काढलं की सगळं बंद पडायचं, दिवासुद्धा विझायचा, पण आतले ट्रान्सफॉर्मर, मोटरींची टोकं, बोर्डाची मागची बाजू, सगळं पत्र्याच्या तुलनेत १२० व्होल्टवर तसंच जिवंत राहायचं. मित्राने दोन वेळा सेन्सर काढला तेव्हा पिन खोचलेलीच होती. दार काढलंय म्हणजे वीज गेलीय, या भरवशावर त्याने आत हात घातला होता. मी दार काढून मीटरचं एक टोक पत्र्याला आणि दुसरं ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला लावून त्याला आकडा दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पॅनलमधला ब्रेकर पाडला, टेस्टरने वीज गेल्याची खात्री केली, सॉकेट उघडलं, काळी पितळी स्क्रूवर आणि पांढरी चंदेरीवर घेतली, हिरवा स्क्रू आवळून पाहिला. तो सैल असता तरी हीच तक्रार आली असती, कारण परतीची वाट अर्थमधूनच जाते. ब्रेकर चढवला, तिन्ही मापं पुन्हा घेतली, थर्मोस्टॅट वाढवला. चार, पाच, सहा, सात. ज्योत तशीच. मीटरवर ३.४. अर्ध्या मिनिटाने ब्लोअर सुरू झाला.

घरी परतताना गाडीत एक गोष्ट सुचली आणि अंगावर काटा आला. मित्राने तयार वायर न घेता पिनसुद्धा स्वतः बसवली असती, तर त्याच समजुतीने तीही उलटीच बसवली असती. दोन चुका एकमेकींना खाऊन फर्नेसला वीज बरोबर मिळाली असती, काहीच बिघडलं नसतं, आणि ती उलटी जोडणी जनरेटर लावायच्या रात्रीपर्यंत भिंतीत दडून राहिली असती.

जनरेटरचं मात्र अजून बाकी होतं. मी निघण्याआधी मित्र म्हणाला होता, "आता आलाच आहेस तर त्याच्यावरही चालवून बघू या." ते पुढच्या रविवारी केलं. जनरेटर घरापासून वीस फुटांपेक्षा लांब, खिडक्यांच्या उलट बाजूला ठेवला, धुराचं तोंड बाहेर. पिन भिंतीतून काढून त्याच्या वायरीत खोचली. इनड्यूसर, इग्नायटर, ज्योत, सहा सेकंद, खट्. मीटरवर पुन्हा शून्य. मित्राचा चेहरा पडला. त्याला वाटलं माझ्या जोडणीत काही राहिलं.

इथे फेज आणि न्यूट्रल आपापल्या जागी बरोबर होते. मी जनरेटरच्या सॉकेटवर मापं घेतली: दोन फटींमध्ये १२०, पण फेज ते अर्थ ६० आणि न्यूट्रल ते अर्थही ६०. हे छोटे इन्व्हर्टर जनरेटर बहुधा असेच असतात. त्यांचा न्यूट्रल अर्थला कुठेच जोडलेला नसतो, तो तरंगता असतो. पिन भिंतीतून काढल्यामुळे घराच्या पॅनलशी फर्नेसचा संबंध तुटला होता, आणि अर्थ-न्यूट्रलची गाठ त्या पॅनलमध्येच आहे. आपल्याकडे न्यूट्रल डीपीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला असतो आणि घराच्या अर्थिंगचा खड्डा वेगळा; इथे ती गाठ घरातच, मुख्य पॅनलमध्ये मारलेली असते. गाठ नाही म्हणजे ज्योतीतून गेलेल्या प्रवाहाला परतायला वाट नाही. कारण वेगळं, लक्षण हुबेहूब तेच.

अर्थ आणि न्यूट्रल आत जोडलेली एक पिन जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचून ही गाठ तात्पुरती मारता येते. मी ती फक्त कारण पक्कं करण्यासाठी वापरली आणि ज्योत लगेच टिकली. पण हीच कायमची व्यवस्था म्हणून ठेवायला मी साफ नकार दिला. ती पिन जनरेटरवर विसरली आणि उद्या कुणी तोच जनरेटर घराच्या पॅनलला जोडला, तर अर्थच्या तारेतून असा प्रवाह वाहायला लागतो जो तिथे असायलाच नको. शिवाय फर्नेसला अशी लोंबती वायर आणि पिन लावणं इथल्या नियमांत सहसा बसत नाही. तिच्यासाठी स्वतंत्र सर्किट, पक्की केबल आणि जवळच स्विच असावा लागतो. या टप्प्यावर मी हात बाजूला घेतले. मला वायरी कळतात, पण इथला परवाना माझ्याकडे नाही. घरात म्हातारं माणूस झोपतं आणि बेसमेंटमध्ये गॅस जळतो, तिथे परवान्याला अर्थ आहे असं मला मनापासून वाटतं.

परवानाधारक इलेक्ट्रिशियनने नगरपालिकेची परवानगी काढून फर्नेसच्या एका सर्किटसाठी छोटा ट्रान्सफर स्विच बसवला आणि बाहेरच्या भिंतीवर जनरेटरची पेटी दिली. पिवळी वायर गेली, पक्की केबल परत आली. या स्विचमध्ये फक्त फेज इकडून तिकडे जातो. न्यूट्रल आणि अर्थ पॅनलशी जोडलेलेच राहतात. त्यामुळे जनरेटरचा तरंगता न्यूट्रल आपोआप घराच्या गाठीशी येऊन बांधला जातो. फर्नेसचा फेज एका वेळी एकतर पॅनलला जोडलेला किंवा जनरेटरला, दोन्हींना कधीच नाही, म्हणून जनरेटरची वीज उलटी रस्त्यावरच्या तारांत जाऊन तिथे काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतण्याचा धोकाही नाही.

मित्राने पॅनलच्या दाराच्या आत पांढऱ्या चिकटपट्टीवर देवनागरीत लिहून ठेवलंय: "इथे काळी = फेज. पांढरी = न्यूट्रल." इलेक्ट्रिशियनने ते काय लिहिलंय म्हणून विचारलं, आणि सांगितल्यावर मान डोलावून ते तसंच राहू दिलं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका शनिवारी आम्ही पुन्हा चाचणी घेतली. तो बाहेर जनरेटरपाशी, मी खाली मीटर घेऊन. स्विच जनरेटरवर टाकला आणि फर्नेसच्या जोडपेटीत मापं घेतली: काळी ते अर्थ ११९, पांढरी ते अर्थ जवळजवळ शून्य. ६०-६० गेलं होतं. ज्योत धरली, मीटर ३.२ वर स्थिरावला, ब्लोअर सुरू झाला. चाळीस मिनिटं तशीच चालू ठेवली. मधूनमधून वर जाऊन कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म पाहिला. आकडा शून्यच होता. मग स्विच पुन्हा घराच्या विजेवर आणून फर्नेस एकदा नव्याने पेटवून पाहिली. मित्राने जनरेटर गार होऊ दिला, टाकीतलं पेट्रोल काढून गॅरेजबाहेरच्या डब्यात ठेवलं, आणि आम्ही वर जेवायला गेलो. काकूंनी शेंगाची चटणी आणि भाकरी केली होती, आणि मफलर खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता.